ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचा झेंडा शिवायचा आहे, लाल कोणता घेऊ?

पायमशीन (केळापूर तालुका, यवतमाळ)

जय सेवा, नमस्कार.

पांढरकवड्यापासून १४ किलोमीटरवरच्या गावात मी शिवणकाम करते. ब्लाउज, फ्रॉक, शाळेचे गणवेश, आणि ऑगस्ट लागला की पिवळे दुपट्टे. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाची रॅली निघते, तिच्यासाठी. यंदा काम वेगळं आलंय. माझी मुलगी आश्रमशाळेत नववीत आहे. तिच्या सरांनी मुलींचे गट पाडून जगातल्या आदिवासी समाजांचे झेंडे वाटून दिले. कागदावर रंगवलेले चालणार नाहीत म्हणाले, कापडाचे हवेत, रॅलीत काठीला लावून धरायचेत. तिच्या गटाला ऑस्ट्रेलियाचा आला. वर काळा, खाली लाल, मधोमध पिवळा गोल.

काळं कापड अस्तरातलं उरलंय. पिवळं दुपट्ट्यांच्या ताग्यातलं आहे. लाल तेवढं विकत आणायचं. दुकानात तीन लाल निघाले: एक कुंकवासारखा, एक पिकल्या मिरचीसारखा, एक विटेसारखा. मोबाइलवर पाहावं तर दर फोटोत वेगळाच दिसतो.

सासूबाईंना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "वर आपली काळी माती, मधात दिवस, खाली रगत. सोपं त हाये." मलाही पटलं. आमच्याकडची माती काळीच, पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेणारी. कापूस तिच्यात, तूर तिच्यात. पण मुलगी म्हणाली, "आई, माती वर कशी असंल? माती त खाली पायजे न?" आम्हा दोघींकडे याचं उत्तर नव्हतं.

म्हणून इथं विचारते. त्या लोकांच्या लेखी या रंगांचा अर्थ काय आहे? झेंडा कोणी केला आणि कशासाठी? माप काय धरू? शिवाय एक गोष्ट मनात अडून बसली आहे. दुसऱ्या समाजाचा झेंडा आपण असा घरी बसून शिवावा का? आमच्या पेनठान्यातल्या, म्हणजे देवाच्या ठाण्यातल्या, वस्तूंना परक्यानं हात लावलेला आम्हाला चालत नाही. त्यांचंही तसंच असेल तर मशीनवर बसायच्या आधी कळलेलं बरं.

---

वणीकर_अॅडलेडमध्ये

ताई, तुमच्या मुलीनं अगदी बरोबर ओळखलं. माती खालीच आहे, फक्त तिकडची माती लाल आहे.

मी मूळचा वणीचा. सहा वर्षांपासून अॅडलेडला वृद्धाश्रमात काम करतो. कामावर जाताना माझी ट्राम व्हिक्टोरिया स्क्वेअर नावाच्या चौकातून जाते. तुम्ही जो झेंडा शिवणार आहात तो पहिल्यांदा फडकला तो याच चौकात, १२ जुलै १९७१ रोजी. आता तिथं तो बारा महिने असतो. ही जमीन मूळची कौर्ना लोकांची. त्यांच्या भाषेत अॅडलेडच्या जागेचं नाव तार्न्तान्या, म्हणजे लाल कांगारूची जागा.

झेंडा काढला हॅरॉल्ड थॉमस या चित्रकारानं. तो लुरित्जा समाजाचा, जन्म मध्य ऑस्ट्रेलियातल्या अॅलिस स्प्रिंग्सचा. तुम्ही गुगलवर त्या भागाचे फोटो पाहा. मैलोन् मैल जमीन गेरूसारखी. घाटंजीकडं मुरुमाचा टेकाडा खणला की आत जसा रंग निघतो ना, तसा रंग क्षितिजापर्यंत पसरलेला. लहान असतानाच त्याला आईबापांपासून तोडून मिशनच्या वसतिगृहात ठेवलं. त्या काळात सरकार अशी हजारो मुलं उचलून नेत असे, त्यांना गोऱ्यांसारखं घडवायचं म्हणून. तिकडे त्यांना 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात. २००८ सालच्या फेब्रुवारीत पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्यांची माफी मागितली. आमच्या आश्रमातही अशा एक आजी होत्या. त्यांच्या खुर्चीवर लोकरीचं एक पांघरूण असायचं, काळं, पिवळं, लाल. कोणी ते धुवायला न्यायला लागलं की त्या विचारायच्या, "संध्याकाळपर्यंत परत येईल ना?"

आता रंगांचं. काळा म्हणजे तिथले लोक. पिवळा गोल म्हणजे सूर्य, जीव देणारा आणि राखणारा. लाल म्हणजे जमीन, आणि त्याच जमिनीतून निघणारा गेरू, जो ते पूजाविधीत अंगाला लावतात. मातीवर माणसं उभी आहेत आणि दोघांना जोडणारा सूर्य मध्ये आहे, मला तर तो झेंडा असाच दिसतो. जमिनीच्या हक्कासाठी मोर्चे निघत होते, त्यात आपली माणसं लांबून ओळखू यावीत म्हणून थॉमसनं तो काढला.

ऑस्ट्रेलियात गोरे आले तेव्हा तिथं अडीचशेपेक्षा जास्त भाषा बोलल्या जात होत्या. एकाचं दैवत दुसऱ्याचं नाही, एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची परवानगी नाही. एवढ्या सगळ्यांना एका कापडाखाली आणायचं म्हणजे त्यावर कुणा एकाचा प्राणी, कुणा एकाचं हत्यार टाकता येत नाही. पण माणूस, ऊन आणि माती कोणालाच परकी नाहीत. थॉमसची कमाल मला यातच दिसते.

माप: उंची २ तर लांबी ३. काळा आणि लाल अगदी निम्मे निम्मे. गोलाचा व्यास झेंड्याच्या उंचीच्या निम्मा, आणि तो बरोबर मधोमध. २ फूट उंच धरला तर गोल १ फुटाचा.

लाल मिरचीचा घ्या. अर्थ गेरूचा असला तरी प्रत्यक्ष झेंड्यातला लाल चांगला भडक आहे, किंचित केशरीकडे झुकलेला. कुंकवाचा घेतला तर गर्द पडेल, विटेचा लांबून मळका दिसेल.

---

सामी_आला_वाट्याला

ताई, आमच्या मुलाच्या शाळेतही हाच उपक्रम आहे, त्याला सामी लोकांचा झेंडा आलाय. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशियाच्या उत्तरेकडचे लोक, रेनडियर पाळणारे. त्यातही गोल आहे म्हणून लिहिते. त्यांचा गोल भरलेला नाही, बांगडीसारखा पोकळ आहे, अर्धा लाल आणि अर्धा निळा. लाल सूर्य, निळा चंद्र. त्यांच्या जुन्या पूजेच्या ढोलावर सूर्याचं चित्र असायचं, त्यावरून आस्ट्रिड बोल या चित्रकार बाईंनी तो काढला. मंजूर झाला १५ ऑगस्ट १९८६ ला! तारीख ऐकून मुलगा खूश आहे. पट्ट्या उभ्या आहेत: लाल, मग बारीक हिरवी, बारीक पिवळी, मग निळी. बांगडीचा निळा भाग लाल कापडावर येतो आणि लाल भाग निळ्यावर. मी दोनदा उलटा लावला.

---

कायद्याची_वही (नागपूर, एलएलबी तिसरं वर्ष)

परवानगीबद्दल विचारलंत ते फार महत्त्वाचं आहे, कारण या झेंड्यावरून खरंच कोर्टकचेरी झालेली आहे.

१४ जुलै १९९५ ला ऑस्ट्रेलिया सरकारनं हा झेंडा त्यांच्या १९५३ च्या ध्वज कायद्याखाली अधिकृत जाहीर केला. पण सरकारनं जाहीर केला म्हणून तो सरकारचा होत नाही. चित्र काढणाऱ्याचा त्यावर कॉपीराइट असतो. आणखी लोक पुढं आले की झेंडा आम्ही काढला म्हणून. १९९७ मध्ये फेडरल कोर्टानं निकाल दिला की कर्ता हॅरॉल्ड थॉमसच. म्हणजे देशाचा अधिकृत झेंडा, आणि मालकी एका माणसाची. जगात असं क्वचितच सापडेल.

पुढं थॉमस यांनी काही कंपन्यांना तो छापायचे हक्क दिले. २०१८ मध्ये कपड्यांवर छापायचा हक्क एका कंपनीला मिळाला. तिनं आदिवासींच्याच आरोग्य संस्थांना, खेळाच्या क्लबांना नोटिसा पाठवल्या: आमच्या परवानगीशिवाय टी-शर्टवर झेंडा छापू नका. लोक चिडले. 'झेंडा मोकळा करा' म्हणून चळवळ उभी राहिली. २०२० मध्ये त्यांच्या फुटबॉल लीगची आदिवासी खेळाडूंच्या सन्मानाची फेरी मैदानावर हा झेंडा न रंगवताच झाली. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये सरकारनं २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा जास्त रक्कम मोजून कॉपीराइट विकत घेतला आणि झेंडा सगळ्यांना वापरायला खुला केला. अट एवढीच की मान राखून वापरा.

तुमच्या कामाचा मुद्दा इथं आहे. विक्रीसाठी झेंडे तयार करायचा हक्क अजूनही एकाच कंपनीकडे राहिला आहे. पण स्वतःसाठी कोणी घरी झेंडा शिवला तर त्याला मनाई नाही, हे त्या वेळी सरकारनं स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा मुलीसाठी बिनधास्त शिवा. मात्र पन्नास शिवून विकायची ऑर्डर आली तर घेऊ नका.

थॉमस यांच्यावर या प्रकरणात बरीच टीका झाली. मला ती सगळीच पटत नाही. ज्या माणसाकडून आईबाप, भाषा, घर सगळं काढून घेतलं गेलं, त्यानं स्वतःच्या हातानं केलेली एक वस्तू स्वतःच्या नावावर ठेवली, यात मला चूक दिसत नाही. नोटिसांचा प्रकार मात्र वाईट होता.

---

कोरपन्याचा_कार्यकर्ता

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे. पण ताई, राग मानू नका, आपल्या पोरांना आपल्या गोंड समाजाच्या सप्तरंगी झेंड्याचे सात रंग सांगता येत नाहीत आणि आपण ऑस्ट्रेलियाचा शिवत बसलो. इंग्रजांशी लढलेल्या बाबुराव शेडमाकेंना चांद्याला (आताचं चंद्रपूर) २१ ऑक्टोबर १८५८ ला फाशी दिली, हे त्या सरांनी वर्गात सांगितलं का? आधी आपलं, मग जगाचं.

---

गुरुजी_सालेकसा

जय सेवा. मी गोंदिया जिल्ह्यातला, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालो त्याला नऊ वर्षं झाली. कोरपन्याच्या दादाचं मन मला समजतं, म्हणून त्याला आधी उत्तर देतो.

बेटा, कचारगड माझ्या गावापासून जवळ आहे. माघ पौर्णिमेला धनेगावपासून गुहेपर्यंत माणसांची रांग लागते. विदर्भातून, छत्तीसगडमधून, मध्य प्रदेशातून, तेलंगणातून लोक येतात. कली कंकालीची ३३ लेकरं याच गुहेत कोंडली होती, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवलं, ही आपली मूळ कथा. तिथं सप्तरंगी झेंडा वर जातो तेव्हा चार देववाला, पाच देववाला, सहा देववाला, सात देववाला, आपल्यातले हे सगळे कुळगट एकाच जागी मान वर करून उभे असतात. एरवी लग्नसंबंध जोडताना आपण किती बारकाईनं विचारतो, तुमचे देव किती म्हणून! त्या एका घटकेला सगळे एकाच घरचे होतात. अॅडलेडच्या दादानं वर लिहिलं की अडीचशे भाषांचे लोक एका कापडाखाली आले. वाचताना मला कचारगडचा चढ आठवला. दुसऱ्याच्या झेंड्यात आपलं दिसलं तर आपलं कमी होत नाही.

एक सांगून ठेवतो. कापडाचा झेंडा आपल्याकडे अलीकडचा. त्याआधीच्या खुणा वेगळ्या होत्या. चंद्रपूरच्या परकोटाचे दरवाजे नीट पाहिलेत का? हत्तीवर झेपावलेला सिंह दगडात कोरलेला आहे. गोंड राजांची ती निशाणी. हजारो लोक रोज त्याखालून मोटरसायकल काढतात आणि वर पाहत नाहीत. आणि राजाच्याही आधीची खूण म्हणजे पर्सापेनचा, म्हणजे आपल्या थोरल्या देवाचा, लोखंडी भाला आणि चवर. ती उघड्यावर फडकवायची नसते. वर्षभर जपून ठेवायची, पूजेलाच काढायची. म्हणून पायमशीन ताईंनी हात लावण्याचा जो प्रश्न विचारला तो मला फार आवडला. काही खुणा झाकून ठेवण्यासाठी असतात आणि काही रस्त्यावर नेण्यासाठी. हॅरॉल्ड थॉमसनं झेंडा केला तोच मुळी मोर्चासाठी, लांबून दिसावा म्हणून. तो रस्त्यावरचा आहे. त्याला हात लागलेला चालतो.

---

वणीकर_अॅडलेडमध्ये

गुरुजी, मोर्चावरून एक राहिलं होतं ते लिहितो. झेंडा अॅडलेडचा असला तरी देशभर गाजला तो कॅनबेरात. २६ जानेवारी १९७२ च्या रात्री चार आदिवासी तरुणांनी तिथल्या संसदेसमोरच्या हिरवळीवर समुद्रकिनाऱ्यावरची छत्री रोवली आणि तिला नाव दिलं 'दूतावास'. आपल्याच देशात आपल्याला परदेशी ठरवलंय, तर मग आपलाही दूतावास पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. २६ जानेवारी आपल्याला प्रजासत्ताक दिन. त्यांच्यासाठी ती १७८८ मध्ये इंग्रजांनी सिडनीच्या खाडीत झेंडा रोवल्याची तारीख. छत्रीच्या जागी तंबू आले, पोलिसांनी ते उपटले, लोकांनी परत लावले. त्याच वर्षी त्या तंबूंवर थॉमसचा झेंडा चढला.

आणि तुमच्या मुलीला धावायला आवडत असेल तर कॅथी फ्रीमनची गोष्ट जरूर सांगा. १९९४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, कॅनडात, ती ४०० मीटर जिंकली आणि मैदानाला फेरी मारताना दोन्ही झेंडे घेतले, देशाचा आणि हा. पथकाच्या प्रमुखांनी जाहीर फटकारलं की परत असं करायचं नाही. काही दिवसांनी ती २०० मीटरही जिंकली, आणि परत दोन्ही घेऊन धावली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचं सुवर्ण जिंकल्यावरही तिच्या हातात दोन्ही होते. त्या दिवशी सगळं स्टेडियम तिच्यासाठी उभं होतं.

---

पायमशीन

सगळ्यांना जय सेवा. दोन दिवस दुपट्ट्यांचं काम होतं म्हणून लिहायला उशीर झाला. फ्रीमनचं वाचून दाखवलं तेव्हा घरात सगळे गप्प झाले होते, त्याचं कारण सांगते.

तीन वर्षांपूर्वी रॅलीहून परत येताना आमच्या ट्रॅक्टरला सप्तरंगी लावलेला होता. एका कार्यालयासमोर एका साहेबांनी ट्रॅक्टर थांबवला. "हा कोणत्या पार्टीचा? काढा आधी." माझा दीर सांगत होता की साहेब, पार्टीचा नाही, समाजाचा आहे. पुढं तिरंगाही लावलेला होता, तो त्यांना दिसत होता. शेवटी भांडण नको म्हणून दिरानं सप्तरंगी उतरवला आणि घडी करून सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि गाव येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. फ्रीमननं दुसऱ्यांदा दोन्ही झेंडे घेतले, हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "त्या पोरीच्या मायनं तिले चांगलं दूध पाजलं."

कोरपन्याच्या दादा, तुमचा राग मी मानला नाही. सप्तरंगीही शिवणार आहे. सरांना विचारून मुलींच्या रांगेत तोच सगळ्यांत पुढं ठेवायचं ठरलं. शेडमाक्यांची तारीख मुलीला पाठ आहे, ते मी तिला विचारूनच लिहिते आहे.

गुरुजी, तुम्ही झाकायच्या आणि रस्त्यावरच्या खुणांचं सांगितलं त्यानं माझ्या मनातलं ओझं उतरलं. सासूबाई तेलंगणातल्या केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला दर वर्षी जातात. मेश्राम कुळाचे लोक गोदावरीचं पाणी पायी आणतात, ते पाणी कोणी कोणी पाहायचं आणि कोणी नाही, ते त्यांना ठाऊक आहे. त्यांना तुमचं म्हणणं लगेच समजलं. मला समजायला जरा वेळ लागला.

आता शिवणीचं सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल. मिरची रंगाचं पॉपलीन घेतलं. काळं आणि लाल प्रत्येकी १ फूट उंच, शिवणीला अर्धा अर्धा इंच जास्त. मधला जोड उलट्या बाजूनं मारून पुन्हा वरून एक टीप दिली, काठीवर वाऱ्यानं उसवू नये म्हणून. गोलासाठी घरातलं स्टीलचं ताट बरोबर १२ इंचांचं निघालं. ते ठेवून खडूनं आखलं आणि अर्धा इंच बाहेरून कापलं. गोलाची कड काही ठिकाणी उरेप येते, ती हातात ताणली की गोलाचा अंडा होतो. म्हणून कडेला बारीक बारीक कात्रे देऊन आत दुमडली आणि आधी हातानं कच्चा टाका घातला. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसणार, म्हणून गोलही दोन केले, एक इकडून, एक तिकडून. दोन्ही गोल एकमेकांवर बरोबर यावेत म्हणून मधोमध टाचणी आरपार घातली होती.

कच्चा टाका सासूबाईंनी घातला. घालताना त्यांनी मला विचारलं की ज्यानं हा काढला त्या माणसाला त्याची माय परत भेटली का. दादा, तुम्हाला माहीत असेल तर सांगा, त्या रोज विचारत आहेत.

एका बाजूचा गोल मशीनवर मारून झाला. दुसरी बाजू राहिली आहे. काल संध्याकाळपासून लाईट नाही आणि पिवळ्यावर पिवळा धागा कंदिलात दिसत नाही. सकाळी ओसरीत मशीन काढून मारते.